आधी हात जोड, मग पाय बघ

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख आजही सरळ वाढत नाही. मध्येच त्याला घडी पडते, कोपऱ्यात ते मांसात शिरतं, आणि कात्री घेऊन मला त्याच्याशी भांडत बसावं लागतं. मध्यंतरी भाचीनं हौसेनं मला पार्लरमध्ये नेलं. तिथल्या मुलीनं पाय हातात घेतला आणि विचारलं, ‘मॅडम, हे कशानं झालं?’ ‘लक्ष्मीला पाय लागला होता,’ मी म्हणाले. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. ती हसली, भाचीही हसली, आणि मला असा राग आला की पाय ओढून घेतला, ओलाच चपलेत घातला आणि तडक बाहेर पडले. त्या पोरींचा काही दोष नव्हता. पण माझा हा राग असाच आहे, तो ज्याच्यावर काढायचा ते माणूस आता नाही, त्यामुळे समोर येईल त्याच्यावर निघतो. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आमचं घर उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत होतं. पुढं बसायची खोली, मागं स्वयंपाकघर, आणि मधे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल इतकी अरुंद बोळकांडी. दिवसभर चहूबाजूंनी लोखंडाचे आवाज. लेथची किरकिर, ग्राइंडरची चरचर, कुठंतरी घण. सुट्टीच्या दिवशी सगळं थांबलं की आम्हाला कान बंद झाल्यासारखं वाटायचं आणि मग शेजारच्या रेडिओचा, आईच्या भाकरी थापण्याचा आवाज नव्यानं ऐकू यायचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, मोल्डर होते. मातीच्या साच्यात लोखंडाचा तापलेला रस ओतायचं काम. दुसऱ्याच्या भट्टीवर बरीच वर्षं राबून त्यांनी एका मित्राबरोबर स्वतःची लहानशी फौंड्री काढली आणि ऊस गाळायच्या चरकाचे भाग ओतायला घेतले. तिथून पहिला निघाला म्हणे तो चरकाचा पाया. गुडघ्याच्या खाली येईल इतका उंच, वरून सपाट, आणि चारी कोपऱ्यांना बोल्ट बसवण्यासाठी जमिनीलगत बाहेर आलेले चार कान. एके दिवशी आण्णांनी तो हातगाड्यावर घालून घरी आणला. चार माणसांनी धापा टाकत तो उचलला आणि बोळकांडीत, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. पुढच्या खोलीची फरशी त्याच्या वजनानं फुटेल अशी आण्णांना भीती होती. आमच्या पायांची भीती त्यांना वाटली नाही.

‘पैला पीस हाय आपला,’ ते म्हणाले. ‘लक्ष्मी हाय ही. घरातच ऱ्हायाची.’

तेव्हापासून त्या लोखंडाला सगळे लक्ष्मी म्हणायला लागले. रोज सकाळी आंघोळ झाली की आण्णा तिला हळदीकुंकू लावायचे, अमावस्येला तिच्याच एका कानावर नारळ फोडायचे, दसऱ्याला झेंडूची माळ. पाहुणे आले की आधी तिचं दर्शन, मग चहा. आणि पहिल्याच दिवशी आण्णांनी नियम घालून दिला. लक्ष्मीला पाय लागला तर आधी वाकायचं, तिला हात लावायचा, हात कपाळाला न्यायचा, ‘चुकलं’ म्हणायचं. आता आपल्याकडं पुस्तकाला, धान्याला, माणसाला पाय लागला की नमस्कार करतातच. त्यात मला काही वावगं वाटत नाही. आजही वहीला पाय लागला तर माझा हात आपोआप छातीशी जातो. पण वहीला पाय लागतो तेव्हा वहीचा अपमान होतो, आपल्या पायाला काही होत नाही. लक्ष्मीचं सगळंच उलटं होतं. तिच्या कानावर अनवाणी करंगळी आपटली की कळ थेट टाळूत जायची, डोळ्यापुढं काजवे चमकायचे, श्वास घशात अडकायचा, आणि अशा वेळी, पाय हातात धरून एका पायावर नाचावंसं वाटत असताना, वाकून त्या लोखंडाची माफी मागायची! ज्यानं मारलं त्याचीच माफी. मला तर लहान असल्यापासून हे पटलं नाही, पण मुकाट करत होते, कारण आण्णा बाहेरच्या खोलीतून आवाजावरूनच ओळखायचे. ‘ठप्’ ऐकू आलं की हाक यायचीच.

‘आधी हात जोड! पाय मागनं बघ!’

आणि त्याच्या मागोमाग, ‘डोळं काय कपाळात गेल्यात? बघून चालाय येत न्हाय व्हय?’

आमच्या घरात पायाला लागणं ही रोजची गोष्ट होती. लक्ष्मी मुख्य, पण एकटी नव्हे. गॅसची टाकी गोल फिरवत नेताना दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, बोटावर आली होती. माझ्या पायावर एकदा भरलेली कळशी सुटली. कॉटचा पाय, मोरीचा कठडा, दारात उभी केलेली सायकल, सगळ्यांनी आपापला वाटा उचललेला. त्यामुळे घरात औषधंही तयार असायची. रक्त आलं की हळद. सूज आली की गूळ आणि चुना कालवून लेप. आण्णांचा मात्र रॉकेलवर भरवसा. जखम उघडी असली की त्यावर रॉकेलचा बोळा दाबायचे, आणि आपण ओरडलो की स्वतःचे पाय पुढं करायचे. त्यांच्या पायांवर रसाचे थेंब उडून पडलेले डाग होते, घोट्यापासून बोटांपर्यंत, तांबूस आणि चकचकीत. बूट कधी घातले नाहीत. ‘आमी तापलेल्या लोखंडात हुबं ऱ्हायलोय. आणि तुमी एवढ्याश्या ठेचंला रडताय?’ लहानपणी ते डाग बघून मी गप्प व्हायचे. आता वाटतं, ज्या माणसाला भाजण्याची कळ इतकी ठाऊक होती, त्याला दुसऱ्याची कळ आधी कळायला हवी होती. डाग पडले म्हणून मोठेपणा येतो, हे कुणी ठरवलं?

सगळ्यात जास्त लागायचं आईला. गल्लीतल्या चावीला, म्हणजे नळाला, पाणी यायचं पहाटे. कमरेवर घागर, हातात कळशी, अशी ती बोळकांडीतून आत यायची आणि घागरीमुळे तिला खालचं काही दिसायचं नाही. तिच्या डाव्या पायाची करंगळी पार बाहेरच्या बाजूला वळलेली होती, चपलेत मावायची नाही. पण तिचा आवाज कधी ऐकू यायचा नाही. ती आधी घागर न सांडता खाली ठेवायची, मग वाकून लक्ष्मीला हात लावायची, मग पदरानं डोळे पुसायची आणि चुलीवरचा तवा जळतोय का ते बघायला जायची. पाय बघायला तिला कधी वेळच मिळाला नाही. पुढं पुढं तिनं चालच बदलली. तिथं आली की ती उजवीकडं अर्धा वळसा घ्यायची, भिंतीला खांदा घासून. त्या भिंतीवर तिच्या खांद्याच्या उंचीला एक काळपट पट्टा उमटला होता. दिवाळीला रंग दिला तरी तो परत उमटायचा.

त्या सुमारास मी खो-खो खेळत होते. शाळेच्या मैदानातल्या तांबड्या मातीत, अनवाणी. मी बारीक होते, काळी होते, अभ्यासात जेमतेम होते, पण खो मिळाला की उठणं माझं होतं. आमचे पी.टी.चे सर म्हणायचे, हिच्या अंगठ्यात स्प्रिंग हाय. आणि ते खरंच अंगठ्यातच असतं. बसल्या जागेवरून अंगठ्याच्या रेट्यानं उसळी घ्यायची, तो रेटा चुकला की समोरची निसटली. जिल्ह्याच्या संघाची निवड व्हायची होती आणि सरांनी आमच्या शाळेतून दोन मुलींची नावं दिली होती, माझं आणि सुरेखाचं. जिल्ह्यातून खेळले तर पुढं खेळाडू म्हणून कॉलेजात प्रवेश, हॉस्टेल, घरापासून लांब. मला बाकी काही नको होतं. आईनं माझ्यासाठी रोज मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली होती, दादाला दिसणार नाही असा.

निवडीच्या दिवशी सकाळी मी वेणी घालून, निळी चड्डी आणि शाळेचा पांढरा टी-शर्ट घालून, डबा घ्यायला स्वयंपाकघरात धावले. डब्यात भाकरी आणि मिरचीचा खरडा होता, आईनं फडक्यात बांधून ठेवला होता. तो उचलला, वळले, आणि उजवा अंगठा सगळ्या जोरानिशी लक्ष्मीच्या कानावर. ‘ठप्’ नाही, ‘कच्’ असा काहीतरी आवाज आला. खाली बघितलं तर नख मुळातून उचकटून दारासारखं उघडं पडलेलं आणि आतून रक्त.

‘आधी हात जोड!’ पुढच्या खोलीतून आवाज आला.

मी भिंतीला टेकून बसले. मला ओरडताही येत नव्हतं. आण्णा बशीत चहा ओतून घेत होते, ती बशी हातात तशीच घेऊन ते बोळकांडीच्या तोंडाशी आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं. रक्त त्यांना दिसलं, हे मी खात्रीनं सांगते.

‘हात जोडलास?’

‘न्हाय,’ मी म्हणाले.

‘मग जोड.’

‘न्हाय जोडणार.’

मी हे ठरवून म्हटलं नव्हतं. ते तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर मला कळलं की हेच म्हणायचं होतं, कधीपासून.

‘न्हाय म्हंजे?’ आण्णांचा आवाज चढला. ‘कुणाच्या जिवावर खाताय? ह्या लक्ष्मीच्या! हात जोडल्याबिगर घराभायेर पाऊल टाकायचं न्हाय. बघू कोण निवडतंय तुला.’ आणि त्यांनी बोळकांडीच्या तोंडाशी खुर्ची ओढली आणि तीत बसले. बाहेर जायला दुसरी वाट नव्हती.

दादा त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. हातात दात घासायचा ब्रश. ‘जोड की गं,’ तो म्हणाला. ‘काय जातंय तुझं?’

काय जातंय तुझं! पुढं आयुष्यात हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं. सासरी ऐकलं, ऑफिसात ऐकलं. दरवेळी ते अशाच माणसानं म्हटलं ज्याचं काही जात नव्हतं. रक्ताचा ओघळ फरशीच्या फटीतून पुढं सरकत होता आणि बाहेर रस्त्यावर सुरेखा माझ्या नावानं हाका मारत होती. दुसऱ्यांदा मारली, मग थांबली. तिला उशीर होत असणार.

आई आतापर्यंत चुलीशी होती. तिनं हात पुसले, चिंध्यांचं गाठोडं काढलं, हळदीचा डबा घेतला आणि बोळकांडीत आली. लक्ष्मीच्या पलीकडं, आण्णांच्या समोर, ती जमिनीवर बसली. आणि मग तिनं माझा घोटा धरला, पाय उचलला, आणि तो लक्ष्मीवर ठेवला. त्या सकाळच्या ताज्या हळदीकुंकवावर. टाच खाली टेकेल असा, पाटावर ठेवावा तसा.

आण्णांची बशी तोंडाशी जाता जाता थांबली.

‘अगं ए...’

‘उजेड हितंच चांगला हाय,’ आई म्हणाली. मान वर केली नाही. तिनं नख दोन बोटांनी परत बसवलं. मी किंचाळले, त्या घरात पहिल्यांदा मनसोक्त किंचाळले. तिनं हळद भरली, चिंधी गुंडाळली, दातानं फाडून गाठ मारली. माझं रक्त लक्ष्मीवर पडलं होतं, कुंकवात मिसळलं होतं. ते तिनं पुसलं नाही. ती उठली, डबा माझ्या हातात दिला, माझं बखोट धरून मला उभं केलं आणि आण्णांच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली.

‘सरा,’ ती म्हणाली. ‘पोरीला उशीर हुतोय.’

आण्णा सरले. का सरले ते मला आजही माहीत नाही. कदाचित आईनं त्यांना कधी ‘सरा’ म्हटलेलंच नव्हतं, म्हणून.

इथं वाचणाऱ्याला वाटेल की आता मी पळत गेले, चिंधी बांधलेल्या पायानं सगळ्यांना हरवलं आणि संघात आले. तसं काही झालं नाही. मी लंगडत मैदानावर पोहोचले तेव्हा खेळ सुरू झाला होता. सरांनी पाय बघितला आणि म्हणाले, ‘बाळ, बस आज.’ मी म्हटलं, खेळतो. आमच्याकडं मुलीही ‘खेळतो’च म्हणतात. मी चौकटीत बसले. पाठीवर खो पडला, अंगठा रेटला, आणि पायाखाली काही नसल्यासारखी तोंडावर आपटले. मातीत तोंड, आणि कानात शिट्टी. दुसऱ्या डावात परत बसले, परत तेच. सुरेखा निवडली गेली. ती माझ्याजवळ येऊन रडली, मी रडले नाही. मला सरांचा राग आला नाही, सुरेखाचा तर नाहीच. चिंधीतून रक्त मातीत उतरत होतं आणि मला फक्त एक लोखंडाचा कान दिसत होता.

संध्याकाळी जेवायला बसलो. आमटी, भात, वांग्याचं भरीत. आईनं माझ्या पानात भरीत जास्त वाढलं. आण्णांनी पहिला घास घेतला, चावला, आणि म्हणाले, ‘काय झालं निवडीचं?’

‘न्हाय झाली,’ दादानंच सांगितलं.

‘हुणार कशी?’ आण्णा म्हणाले. ‘लक्ष्मीला लाथ मारायची, वर हात जोडायचा न्हाय. मग असंच हुणार.’

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मी विसरले असते. ते शांतपणे म्हणाले, आमटी भुरकत, जणू हवापाण्याची गोष्ट. माझा अंगठा फुटला तो त्यांच्या लोखंडानं, मी पडले ती त्या अंगठ्यामुळं, आणि हिशेबात चूक माझी! माझ्या हातातला घास हातात राहिला. पुढं काय करणार होते देव जाणे, ताट भिरकावलं असतं बहुतेक. पण आई आधी बोलली. ती भात वाढत होती. भात वाढता वाढताच बोलली.

‘त्यो पैला पीस न्हवं,’ ती म्हणाली. ‘गिऱ्हाइकानं माघारी धाडलेला पीस हाय. खालनं भोक पडलंय त्येला, मूठ जाईल एवढं. हातगाड्यावरनं उतरताना बघितलंय मी. पैल्या दिवशीच बघितलंय.’

आण्णांचा चेहरा मी त्या वेळी बघितला. त्यांना राग आला नव्हता. ते आईकडं बघतच नव्हते, ताटाकडं बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

‘रिजेक्ट हुता म्हणून घरात आणलासा,’ आई म्हणाली. ‘आणा की. माणसाचं चुकतं. पण त्येच्यासाठी पोरीला वाकाय लावू नगासा. आणि मीबी आता वाकणार न्हाय.’

म्हणजे इतकी वर्षं, घागर खाली ठेवून, करंगळी फुटलेली असताना, ती ज्याच्यापुढं वाकत होती ते काय आहे हे तिला माहीत होतं. माहीत असून वाकत होती. याचा मला आण्णांवर येतो त्यापेक्षाही जास्त राग येतो, आणि तो कुणावर आहे ते मला नीट सांगता येत नाही. तिच्यावर नाही. तिला ते करावं लागलं त्यावर.

लक्ष्मी मात्र जागची हलली नाही. आण्णा तिला हळदीकुंकू लावत राहिले, आम्ही ठेचाळत राहिलो, पण ‘आधी हात जोड’ ही हाक बंद झाली. आईनं तिचा शब्द पाळला. माझ्या अंगठ्याबद्दल आण्णांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मी दुसऱ्या वाटेनं, उशिरा, नोकरी करत शिकले. आण्णा गेल्यावर दादानं भंगारवाल्याला बोलावलं आणि चार माणसांनीच ती परत उचलली. उलटी केली तेव्हा भोक दिसलं. आई म्हणाली त्यापेक्षा मोठं होतं. बोळकांडीत तिच्या जागी फरशीचा एक चौकोन उरला, बाकी फरशीपेक्षा उजळ.

मागच्या महिन्यात मी माहेरी गेले होते. दादा पुढच्या खोलीत टीव्ही बघत होता, मी त्याच्या शेजारी. आई आतून चहाचे कप घेऊन येत होती. वय झालंय, पण कप अजून तीच आणते. बोळकांडीत ती त्या चौकोनाशी आली आणि तिथं काही नसताना त्या पट्ट्याच्या बाजूला वळसा घेतला, नेहमीचा, भिंतीला खांदा घासून. पाय पहिल्यासारखा उचलत नाही. करंगळी दाराच्या चौकटीवर आपटली. कप सांडले नाहीत. तिनं ते आधी खाली ठेवले आणि मग भिंत धरून उभी राहिली.

दादानं टीव्हीवरची नजर काढली नाही. ‘आई,’ तो म्हणाला, ‘बघून चाल की जरा.’

‘ऊठ,’ मी ओरडले. शेजारच्यांनाही ऐकू गेलं असणार. ‘आधी ऊठ! आधी तिचा पाय बघ, काय बोलायचं ते मग बोल!’

दादा दचकून उठला. साठीला आलेला माणूस, पोट सावरत बोळकांडीत गेला आणि आईच्या पायाशी गुडघे टेकून खाली वाकला. आईनं वरून त्याच्याकडं बघितलं.

‘नमस्कार नगं,’ ती म्हणाली. ‘हळद आण.’